पाखरीची वही

माझ्या टेबलावर एक दोनशे पानी वही असते. वर लिहिलंय ‘पाखरी’, माझ्या कुत्रीचं नाव. आत रकाने आखलेत: तारीख, पहाटेचं तापमान, चाल किती मिनिटं, दुडकी किती, भरधाव किती वेळा, पंजे कसे, शी कशी, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द, ‘खूश’, ‘मंद’ नाहीतर ‘आराम’. मी अहमदपूर तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो, रकाने आखल्याशिवाय मला विचार करता येत नाही. गेल्या महिन्यात जत्रेतली शर्यत झाली आणि तेव्हापासून चार-पाच जणांनी तरी विचारलं, “सर, पाखरीला खायला काय घालता?” खाण्याचं पुढे सांगतोच. पण ती खाण्यावर उभी राहिलेली नाही. ती कशी उभी राहिली आणि तिच्या आधीचा तुफान का उभा राहिला नाही, हे एकदा सविस्तर लिहावं असं कधीपासून मनात होतं.

पाखरी कारवानी जातीची. शेजारच्या तांड्यावरून आणलेली, हरणाच्या रंगाची, चार वर्षांची, खांद्याशी पंचवीस इंच आणि वजन एकवीस किलो. हीच कुत्री कर्नाटकात मुधोळ म्हणून ओळखली जातात. एक केनेल क्लब त्यांची नोंद कॅरव्हान हाउंड अशी करतो, तर दुसरा मुधोळ हाउंड अशी. कानांना आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस असले की आमच्याकडे त्याला पश्मी म्हणतात. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांबद्दल सांगताना मुधोळचं नाव घेतलं आणि आमच्या भागातही ज्याला त्याला हे पिल्लू हवंसं झालं. पिल्लं गेली, आणि त्यातली कितीतरी आज पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला बांधलेली दिसतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. हे जनावर नाकानं नाही, डोळ्यांनी शिकार शोधणारं. छाती खोल, कंबर आत गेलेली, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो. भरधाव पळताना एका झेपेत दोन वेळा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा अंग आखडलेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. असल्या देहाला चार फुटांची साखळी म्हणजे शिक्षाच.

पण नुसतं मोकळं सोडून पळवलं म्हणजे झालं, असंही नाही. हे मला तुफाननं शिकवलं.

तुफान २०१५ च्या दिवाळीत आला, दोन महिन्यांचा. आप्पांनी आयुष्यभर बैलं सांभाळली होती, कुत्र्याचा शौक माझा एकट्याचा. पुढचा उन्हाळा लातूर जिल्ह्यातलं कुणी विसरणार नाही. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. गावात टँकर यायचा, शाळेला सुट्टी, शेतात काही काम नाही. मी रोज पहाटे मोटारसायकल काढायचो आणि तुफानला मागे पळवायचो. डांबरी रस्ता, पाच किलोमीटर जायचे, पाच यायचे. तो आठ महिन्यांचा होता. उंचीनं पूर्ण वाढलेला दिसायचा, म्हणून मला तो मोठा वाटला. लोक बाजूला उभे राहून बघायचे आणि माझी छाती फुगायची.

एक दिवस नळकांडी पुलाजवळच्या खड्ड्यात त्याचा पुढचा डावा पाय गेला. कोलांटी खाल्ली, एकदा केकाटला, उठला आणि पुन्हा पळायला लागला. मी थांबलो, पाय चाचपला, काही मोडलेलं दिसलं नाही. दोन दिवस विश्रांती दिली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मोटारसायकल काढली.

आमच्या रानात दरवर्षी मेंढ्या बसवायला येणारे एक धनगर मामा आहेत. त्यांनी त्या दिवशी रस्त्यावर अडवलं. “सर, कुत्र्याला पळवलालास का मारलालास?” इतकंच बोलले आणि मेंढरांमागे गेले. मला राग आला होता, हे कबूल करतो.

महिन्याभरात तो पाय मनगटापासून बाहेर वळायला लागला. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं, एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरून पेनाच्या टोकानं दाखवलं. कोपराखाली दोन हाडं शेजारी शेजारी असतात आणि पिल्लात दोन्हींच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. मार लागून एका हाडाची ती कूर्चा बंद पडली, दुसरं हाड मात्र वाढतच राहिलं. धनुष्याची दोरी छोटी आणि काठी लांब झाली की काठी वाकते, तसा पाय वाकला. या अंगाच्या कुत्र्यांत ही कूर्चा पूर्ण भरायला वर्षभराच्या आसपास लागतं, तोवर बाहेरून कितीही उंच दिसलं तरी आत ते लेकरूच असतं. हे त्यांनी न रागावता सांगितलं. मी तिथल्या बाकड्यावर कितीतरी वेळ तुफानचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिलो.

तुफान आज दहा वर्षांचा आहे. लंगडतो. थंडीत सकाळी उठायला त्याला वेळ लागतो, तेव्हा मी त्याच्या पायाला तीळतेल कोमट करून चोळतो. आपल्या घाईनं एका जिवाचं पळणं गेलं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

त्या पावसाळ्यानंतर मामा आले तेव्हा मी त्यांच्या काळ्या कुत्र्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. अंगानं जाड, मानेला लांडग्यासाठी खिळ्यांचा पट्टा. पिल्लू असताना ते कोकरांबरोबरच वाढवलेलं, त्यामुळे मेंढरं हेच त्याचं घर. दिवसभर कळपाच्या कडेकडेनं चालतं. कुठे बसतं, उठतं, पुन्हा चालतं. संध्याकाळपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर सहज होत असतील. पण मी त्याला जीव तोडून पळताना क्वचितच पाहिलं. रात्री वाघूरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती मात्र असा काही झेपावतो की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. “तेचं अंग चालून चालून झालंय,” मामा म्हणाले. “आदी चालीव, मग पळीव.”

पाखरीची सगळी तालीम या एका वाक्यावर बेतलेली आहे.

दीड वर्षाची होईपर्यंत मी तिला एकदाही मुद्दाम पळवलं नाही. नांगरलेल्या मऊ रानात ती तिच्या मनानं बागडायची, दमली की बसायची. ओट्यावरून उड्या नाहीत, डांबरी रस्ता नाही, गाडीमागे नाही. त्या काळात शिकवलं ते वेगळंच. नाव घेतलं की वळून बघणं, पट्टा, टेम्पोत शांत बसणं, माणसांची गर्दी, आणि हलगी. जत्रेतल्या हलगीनं भलीभली कुत्री बिथरतात, लाळ गाळतात, पळायच्या आधीच अर्धी दमतात. म्हणून गावात लग्नाची वरात निघाली की मी तिला लांबून ऐकवायचो, रोज थोडं जवळ नेत नेत.

सगळ्यात जास्त वेळ शिट्टीवर दिला. कारवानी एकदा नजरेनं बांधली गेली की तिला हाक ऐकू येत नाही, आणि आमच्या शिवाराच्या कडेनं नागपूर-तुळजापूर हायवे जातो. शिट्टी वाजली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा, इतकं साधं. घरात, मग अंगणात, मग रानात. शिट्टी वाजवून मी तिला कधी रागावलो नाही, कधी लगेच बांधलंही नाही. आली, अंडं खाल्लं, पुन्हा मोकळी. जानेवारीत पोलीस सप्ताहात लातूरला श्वान पथकाचं प्रात्यक्षिक बघायला शाळेची पोरं घेऊन गेलो होतो. तिथल्या एका हवालदारांना मी विचारलं, इतकं मन लावून कसं काम करतात ही? ते म्हणाले, कुत्र्याला कंटाळा यायच्या आधी आपण थांबायचं, त्याला अजून हवं असतानाच चेंडू खिशात टाकायचा. त्या दिवसापासून शिट्टीचा सराव पाच मिनिटांच्या वर नेला नाही.

आमचं वर्ष दसऱ्यानंतर सुरू होतं. सोयाबीन निघालेलं असतं, पहाटे हवेत गारवा येतो. पहिले चार आठवडे फक्त चाल. सुरुवातीला अर्धा तास, मग पाच-पाच मिनिटं वाढवत सव्वा तासापर्यंत. पट्टा ढिला, मुरमाड पाणंद, माझ्या चालीनं नाही तर तिच्या चालीनं, म्हणजे मला भराभरा चालावं लागतं. हे लोकांना पटत नाही. पळणाऱ्या कुत्र्याला चालवून काय होणार? पण स्नायू लवकर तयार होतो, त्याला हाडाशी बांधणारे दोर सावकाश पक्के होतात, आणि पंजाची कातडी तर रोज घासूनच जाड होते. वेग आधी आणि दोर मागे राहिले की कुत्रं मोडतं. खिलारी बैल शर्यतीला घालणारा माणूसही आधी गाडी ओढवून घेतो, एकदम पळवत नाही.

पाचव्या आठवड्यापासून सायकल. पाखरी डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेच्या बाजूनं, छातीचा पट्टा लावलेली. ताशी दहा-बारा किलोमीटर, यापेक्षा जास्त नाही, म्हणजे ती दुडकीतच राहते. दुडकीत कर्णावरचे दोन पाय जोडीनं पडतात, एक लय असते, टप-टप, टप-टप. ती लय मला सायकलवरून ऐकू येते. बिघडली की लगेच कळतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रं डोकं वर उचलतं. तुफानचं डोकं असंच वर-खाली व्हायचं, आणि ते तो खुशीत आहे म्हणून असं मी समजत होतो.

आठवड्यातून एक दिवस बालाघाटच्या चढावर नेतो. चढ चढताना मागचे पाय आणि पाठ भरते. उतरताना मात्र पट्टा धरून सावकाश, कारण उतारावर सगळा भार पुढच्या पायांवर येतो. उन्हाळ्याच्या तोंडी मन्याडच्या पात्रात जिथे वाळू उरली आहे तिथे चालवतो. वाळूतली वीस मिनिटं पाणंदीच्या तासाभराइतकी होतात.

आणि मग भरधाव. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून. दहा-पंधरा मिनिटं चालून अंग गरम झालं की दीडशे पावलांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर धाप पूर्ण खाली येईपर्यंत चाल. शर्यतीचं पूर्ण अंतर दहा दिवसांतून एकदाच. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं की सर ढिले पडले. वहीत मागे जाऊन बघितलं तर तिच्या सगळ्यात चांगल्या पळण्याच्या आधी दोन दिवस ‘आराम’ लिहिलेलं आढळतं. आरामाच्या दिवशी शरीर बांधलं जातं. ज्यांची कुत्री रोज पळतात ती डिसेंबरात चमकतात आणि फेब्रुवारीत लंगडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पळवायचं कशामागे, हा प्रश्न मोठा. आमच्या आजोबांच्या काळात कारवानी सशावर तयार व्हायची. वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार बंद झाली, आणि बंद झाली ते बरंच झालं. तरी अजून कुठेकुठे चोरून जिवंत ससा सोडतात. तिथे मी जात नाही, आणि आमच्यातल्या पोरांनाही जाऊ देत नाही. त्याची गरजच नसते. मी एका जुन्या सायकलच्या मागच्या चाकाचा टायर काढला आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी घोडीवर ती सायकल पक्की बसवून घेतली. रिमवर नायलॉनची बारीक दोरी, दोरीच्या टोकाला पांढरी प्लास्टिकची पिशवी आणि जुन्या घोंगडीचा तुकडा. माझी मुलगी पायडल मारते, दोरी सर्रकन रिमवर येते, आणि पिशवी जमिनीवरून उड्या मारत पळते. ती पिशवी हलली की पाखरीचे कान मागे जातात, मान पुढे येते, कातडीखालून एक थरथर कमरेपर्यंत जाते. मी पट्टा सोडायच्या आधीचे ते दोन सेकंद मला तिच्या पळण्यापेक्षाही आवडतात. दोरी सरळ ठेवतो, अचानक वळण देत नाही, कारण त्या वेगात तोकडं वळण घेताना खांदा निखळू शकतो. शेवटी पिशवी तिला धरू द्यायचीच. कायम हुलकावणी मिळाली तर कुत्रं मनातून उतरतं.

सरावाचं रान आदल्या दिवशी मी स्वतः पायानं फिरून बघतो. तुरीची धसकटं हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू. कोयत्यानं तिरपी कापलेली असतात, भाल्यासारखी. सोयाबीनची धसकटंही पंजा फाडतात. काळ्या रानाच्या भेगा वेगळ्याच, फेब्रुवारीनंतर त्यात पाय अडकून मोडायची भीती. म्हणून हरभरा निघालेलं, एकदा वखरलेलं रान बघून ठेवतो. घरी आल्यावर ओट्यावर बसून चारही पंजे हातात घेतो. गाद्या, बोटांच्या मधल्या बेचक्या, नखांची मुळं. सराटा बेचक्यात रुतला की ती पाय चाटते, पण कधीकधी चाटतही नाही. अंगठ्यानं हळूच दाबत गेलं की जिथे दुखतं तिथे ती पाय ओढत नाही, नुसती माझ्याकडे बघते. त्या बघण्यावरून मी चिमटा मागतो. कानांत आणि काखेत गोचीड शोधायचे. गोचीडतापानं आमच्या पंचक्रोशीतली चांगली चांगली कुत्री गेली आहेत, आणि सुरुवात फक्त ‘जरा मंद आहे’ अशीच असते. वहीतला ‘मंद’ हा शब्द दोन दिवस सलग आला की मी डॉक्टरांना फोन करतो.

आता खाणं. भाकरी आणि दुधावर कुत्रं जगतं, पण या कामाला पुरत नाही. सकाळी पळून आल्यावर आधी थोडं थोडं पाणी, अर्ध्या-पाऊण तासानं उकडलेली दोन अंडी आणि ज्वारीची चतकोर भाकरी ताकात. संध्याकाळी साडेतीनशे-चारशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन शिजवून, त्यात दीड-दोन भाकरी कुस्करून. शिजवलेलं हाड नाही, कांदा-लसणाचा रस्सा नाही, गोड नाही. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसली पाहिजेत. शेजारच्या काकू अजून विचारतात, “सर, कुत्रीला उपाशी ठेवलालाव का?” त्यांचा जीव तिच्यावर आहे म्हणून विचारतात. पण बरगडी झाकली गेली की तेवढं वजन तिच्या सांध्यांवर जातं.

जेवण आणि पळणं यांत अंतर का ठेवायचं, ते गेल्या सालच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला कळलं. शेतात कडब्याची कोप, पाहुणे, भज्जी, उंडे, आंबील, खीर. तिथे पाखरीला कुणी काय घातलं त्याचा हिशोब राहिला नाही. प्रत्येकानं प्रेमानंच घातलं. जेवणं झाल्यावर पोरं तिला घेऊन रानात पळाली. तासाभरानं ती माझ्याजवळ आली आणि उभीच राहिली. बसेना. ओकायला बघायची, येत काहीच नव्हतं, नुसता पांढरा फेस. मागे वळून स्वतःच्या पोटाकडे बघायची. मी डाव्या कुशीवर बोटानं टिचकी मारली. हलगीसारखा आवाज आला.

खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी पळाल्यावर पोटात वायू कोंडतो, आणि कधी अख्खं पोट स्वतःभोवती पीळ घेतं. पीळ पडला तर ऑपरेशनशिवाय मार्ग नसतो आणि हातात काही तासच असतात. हे मी वाचलं होतं. वाचलेलं असलं तरी त्या क्षणी पाय लटपटतात. पाहुण्यांच्या जीपमध्ये तिला घेऊन बसलो. अहमदपूरला पोचेपर्यंत माझा हात तिच्या कुशीवरून निघाला नाही आणि ती कुशी दर मिनिटाला ताठ होत होती. डॉक्टर सणाच्या जेवणावरून उठून आले. तोंडातून नळी घातली, आणि आंबलेल्या वासाचा वारा फसफसत बाहेर पडला. पीळ पडला नव्हता. तिनं एक लांब सुस्कारा टाकला आणि डॉक्टरांच्या टेबलावरच झोपली. आता खाल्ल्यावर तीन तास ती बांधलेली असते. येळवशीला तर तिचं जेवण मी घरून डब्यात नेतो आणि पाहुण्यांना हात जोडून सांगतो.

मार्चच्या मध्यापासून भरधाव बंद. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांना येतो तेवढाच, बाकी बरीचशी उष्णता धाप टाकून जिभेवाटे. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसवर जातो, तेव्हा पहाटे साडेचारची वीस मिनिटांची चाल, तेवढीच. रस्त्यावर तळहात टेकवून बघतो, सात-आठ सेकंद ठेवता आला नाही तर तिच्या पंजालाही तो सोसणार नाही. ऊन लागलेल्या कुत्र्यावर ओलं गोणपाट पांघरून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. तसं करू नका, ते थोड्या वेळात गरम होतं आणि उष्णता आतच कोंडते. सावलीत घ्या, अंगावर, पोटावर, जांघांत साधं पाणी ओतत राहा, वारा घाला, आणि ताप उतरायला लागला की दवाखाना गाठा.

गेल्या महिन्यातली शर्यत नांदेड जिल्ह्यातल्या एका गावच्या जत्रेत होती. पहाटे सतरा अंश. टेम्पोतून उतरल्यावर मी तिला वीस मिनिटं नुसतं चालवलं, मध्ये दोनदा दुडकीवर आणलं. शेजारच्या दावणीला एक देखणं तरणं कुत्रं होतं. त्याचा दात बघितला, वर्षाचं असेल नसेल. मालक पोरगं विशीतलं. मी त्याला बाजूला घेऊन तुफानचा एक्स-रे दाखवला, मोबाइलमध्ये फोटो कायम असतो. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. मग त्यानं नाव मागे घेतलं आणि पाखरीची शर्यत बघायला माझ्याबरोबर थांबला.

साडेतीनशे मीटर, पंचवीस सेकंदांचाही खेळ नाही. पाखरी दुसरी आली. मला त्या वेळी निकालापेक्षा तिची लय ऐकायची होती, आणि ती शेवटपर्यंत सारखी होती. लोक हार घेऊन आले, त्यांना थांबवलं. आधी पंधरा मिनिटं चाल, मग वाटीनं घोट घोट पाणी. गुदद्वारात थर्मामीटर लावलं तर १०५.४ फॅरेनहाइट. या जातीत जीव तोडून पळाल्यावर ताप एवढा चढतो, पण तो लगेच उतरायला लागला पाहिजे. जांघांत पाणी ओतलं, पोरानं टॉवेलनं वारा घातला. वीस मिनिटांनी १०३. घरी निघेपर्यंत १०२.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. अतोनात पळाल्यावर कधी स्नायू आतल्या आत फुटतात, त्यातला रंग मूत्रपिंडात उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी होते. ते वेळेत दिसलं नाही तर कुत्रं हातचं जातं. म्हणून पहाटे पांढऱ्या प्लास्टिकचं झाकण घेऊन तिच्यामागे परड्यात गेलो. तुफानही लंगडत आमच्या मागून आला. बॅटरीच्या उजेडात झाकण धरलं. पिवळी होती, रोजच्यासारखी. वहीत तारीख टाकली, पहाटेचं तापमान सोळा, पुढचे रकाने रिकामे सोडले आणि शेवटच्या रकान्यात ‘आराम’ लिहिलं.